संमतीचा हात

शनिवारी सकाळी आमच्या चर्चमधल्या लारीनकडे ताजा पाव द्यायला म्हणून आम्ही नवराबायको गेलो. ती पीचच्या बरण्या भरत होती. सप्टेंबरात अमेरिकेतल्या आमच्या युटा राज्यातल्या बायकांना दुसरं सुचतंच काय!

आमचे हे, म्हणजे थेन ऑस्लर, खुशीत होते. पस्तीस वर्षांपूर्वी ते इथल्या चर्चच्या मंडळीचे प्रमुख, म्हणजे बिशप, होते. आता तरुण पोरापोरींच्या डोक्यावर हात ठेवून देवाच्या नावाने त्यांचं पुढचं आयुष्य सांगायचं पद त्यांना मिळणार होतं. उद्याच्या सभेपर्यंत ते गुपित ठेवायचं होतं, म्हणजे गावभर झालं होतं.

लारीनने पाव घेतला नाही.

"बिशप, माझ्या डेलमरने अखेर मला सगळं सांगितलं. त्याला पुरुष आवडतात, हे लग्नाआधी त्याने तुम्हाला सांगितलं होतं ना?"

हे गडबडले. "सांगितलं होतं, पोरी."

"आणि तुम्ही म्हणालात, लग्न कर, जाईल सगळं. तिला मात्र बोलू नकोस."

"वरून तेच सांगणं होतं. चांगली बायको मिळाली की माणूस सुधारतो, असं वाटायचं."

"म्हणजे मी औषध होते म्हणा की! परवा चर्चच्या पुढाऱ्यांचं नवं पत्रक वाचलं. लग्न हा यावर उपाय नाही म्हणे. ही ओढ म्हणजे पाप नाही म्हणे. इतकं गोड लिहिलंय, जणू उलटं कुणी कधी बोललंच नव्हतं!"

"देव हळूहळू उजेड देतो, लारीन."

"पस्तीस वर्षं मला वाटलं, मीच कुठे कमी पडते. उपास केले, वजन उतरवलं. तुमच्यापुढे येऊन रडले, तेव्हा म्हणालात, नवऱ्यासाठी जरा नटत जा. माहीत असून म्हणालात!" तिने हातातल्या बरणीचं झाकण घट्ट पिळलं. "उद्या सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, आमचं चुकलं."

"तसं नाही बोलता येत. लोकांचा विश्वास उडेल."

"आणि माझा?"

गाडीत मी विचारलं, "अहो, तिला नटायला सांगितलंत?" तेव्हाची गोष्ट वेगळी होती, म्हणाले. मी पुढे काही विचारलं नाही. बिशपच्या बायकोला गप्प बसायची सवयच लागते.

रविवारी सभागृह खचाखच भरलं होतं. चर्चच्या अध्यक्षांनी नव्या पदासाठी यांचं नाव वाचलं. "संमती असेल त्यांनी उजवा हात वर करावा." शेकडो हात वर गेले, त्यात माझाही. "कुणाचा विरोध असल्यास?" हे आमच्याकडे नुसतं म्हणायचं असतं. अध्यक्षांनी पान उलटलंसुद्धा.

लारीनचा हात वर होता.

"अगंबाई, वेड लागलं का हिला?" मागून कुणीतरी पुटपुटलं. मग शेजारी बसलेल्या डेलमरनेही हात वर केला. बिचारा पांढराफटक पडला होता.

सभेनंतर अध्यक्षांनी आम्हा चौघांना खोलीत बोलावलं आणि कारण विचारलं.

"मी समलिंगी आहे," डेलमर म्हणाला. "लग्नाआधी हे बिशपना ठाऊक होतं. हिला नव्हतं. हिला मी फसवलं, ते यांच्या सांगण्यावरून."

अध्यक्ष यांच्याकडे वळले. "खरं आहे का हे?"

यांनी चष्मा काढून पुसला. "फार वर्षं झाली. मला काही आठवत नाही."

लारीनने मान खाली घातली. ती रडलीही नाही. पंचावन्न वर्षं ज्या माणसाशी संसार केला, त्याच्याकडे मी पाहत राहिले. तो माझ्याकडे बघेना.

"त्यांना आठवतंय," मी म्हणाले. "काल सकाळीच त्यांनी कबूल केलं. मी शेजारी उभी होते. अध्यक्ष, माझाही हात विरोधात धरा."