उजवी कमान

खोलताना

पहिले आभार गंजाचे. माझ्या पिकअपच्या मागच्या चाकाजवळचा एक नट त्याने अर्धा दिवस धरून ठेवला, म्हणून मी जाऊबाईंना हाक मारली. एरवी मारली नसती.

आठ वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतो. त्या कपडे शिवतात, मी काचा कापते. त्या थोरल्या, त्यामुळे टोमणा मारायचा पहिला हक्क त्यांचा, आणि तो त्यांनी कधी वाया घालवलेला नाही. पान्याच्या दांड्यावर लांब पाईप चढवला आणि आम्ही दोघी त्यावर लटकलो. नट कुरकुरला, सुटला, आम्ही दोघी खाली. साडी झटकत जाऊबाई म्हणाल्या की हा नट तुझ्यापेक्षा संसारी निघाला, धरलेलं सोडतच नव्हता.

आमचे नवरे सकाळी सल्ले देऊन कामाला निघून गेले होते. सल्ले दोन होते आणि एकमेकांच्या विरुद्ध होते.

आता हे सगळं कशासाठी, ते.

दोन महिन्यांपूर्वी याच पिकअपमध्ये उस्तादांची काच फुटली. उस्ताद म्हणजे ज्यांनी मला हातात काच कापायची हिरकणी धरायला शिकवलं ते. वाचनालयाच्या दारासाठी त्यांनी माणसाएवढी काच कोरली होती, पानं आणि पानांत लपलेले पक्षी. नेताना एका साध्या खड्ड्यात मागून आवाज आला. उतरून पाहिलं, तर उजव्या चाकावरच्या कमानीतला एक पोलादी पाटा मोडला होता आणि काच...

उस्ताद रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी काच टेबलावर घेतली. त्यांचा हात आता थरथरतो. उजवं मनगट डाव्या हाताने आवळून ते कोरत बसले. काम संपलं तेव्हा म्हणाले, "ही पण तूच ने. तिसरी मात्र माझ्याच्याने होणार नाही."

काच सोमवारी सकाळी न्यायची होती. गाडी एकोणीस वर्षांची. गॅरेजवाले म्हणाले ठेवून जा, बघू. पण या वेळी प्रत्येक बोल्ट माझ्या हाताखालून जायला हवा होता. शनिवारी मी दोन्ही कमानी काढल्या.

जोडताना

कमान म्हणजे पोलादी पाट्यांची चळत. मागच्या प्रत्येक चाकाशी एक. तिची दोन टोकं गाडीच्या सांगाड्याला, पोट एक्सलला, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला. सगळं ओझं आणि सगळे खड्डे तिच्या अंगावर.

आभार कमानवाल्याचेही. त्याने मोडका पाटा बदलला, बाकीच्यांना नवा बाक दिला आणि रविवारी सकाळी दोन्ही कमानी घरपोच केल्या. वर प्रेमाने काळा रंगही मारून दिला. पुढचं टोक ओळखता यावं म्हणून मी केलेल्या पिवळ्या खुणा त्या प्रेमाखाली गेल्या.

डावीच्या पुढच्या टोकावर एक जुना घाव होता, ती ओळखू आली. उजवीला काहीच नव्हतं. दोन्ही टोकं सारखी, आतले रबरी बुश सारखे, बोल्ट सारखे.

मी विचार केला नाही. हाताने केला. दोन झडपांच्या दाराच्या काचा कापते तेव्हा एक सरळ धरायची, दुसरी फिरवायची, म्हणजे नक्षी समोरासमोर येते. वीस वर्षं जोडी दिसली की माझा हात दुसरी काच फिरवतो. उजवी कमान मी उचलली, फिरवली आणि बसवली.

एक्सलचं भोक कमानीच्या पोटातल्या बोल्टाशी जुळेना. एक्सल दोन बोटं मागे सरकवावा लागला. जुनी गाडी, म्हटलं. रेटला.

गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत

गाडी उसळत नव्हती. मला इतका आनंद झाला की स्टिअरिंग सतत जरासं उजवीकडे धरून ठेवावं लागतंय हे मी स्वतःलाच सांगितलं नाही.

परत आले तेव्हा जाऊबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, गळ्यात मापाची टेप.

"गाडी चालते सरळ," त्या म्हणाल्या, "पण तोंड एकीकडे करून. रुसलेल्या सुनेसारखी."

मी म्हटलं, ताई, तुम्हाला गाडीतलं काय कळतं. हे मी म्हटलं, आणि आठ वर्षांत म्हटलेल्या वाक्यांतलं हे सगळ्यात वाईट वाक्य.

त्या चाकाशी खाली बसल्या, टेप काढली. डाव्या चाकापासून चाकावरच्या पत्र्याच्या पुढच्या कडेपर्यंत मापलं आणि तिथे नखाने धरलं. तेच नख धरून उजवीकडे आल्या. दोन बोटं जास्त.

"बाही उलटी लावलीस," त्या म्हणाल्या.

मी सांगू लागले की जोडी आहे, म्हणून एक फिरवली.

"डावी बाही, उजवी बाही, हीपण जोडीच. म्हणून एकीचा पुढचा भाग पाठीवर नेतेस का? दोन्हींचा पुढचा भाग पुढेच राहतो, बाई."

तेव्हा मी कमानीखाली हात घातला. चळतीच्या पोटातून जाणारा बोल्ट या गाडीत मधोमध नसतोच. पुढचा भाग दोन बोटं आखूड असतो. डावीचा होता. उजवीचा आखूड भाग मागे होता. रिकामी गाडी ते सोसून घेत होती. भरलेली असती, वळण असतं, पाठीवर काच असती.

मला जमिनीवरच बसावंसं वाटलं. बसले.

पुन्हा खोलताना

दुपारचे तीन. मी म्हटलं, तुम्ही जा, तुमची शिवण पडली असेल. त्या म्हणाल्या की पडलेली शिवण पळून जात नाही, आणि माझ्या जागी तू असतीस तर गेली असतीस, हे मला माहीत आहे.

खरं होतं.

जॅक. स्टँड. चाक. यू-बोल्ट. मी गाडीखाली, त्यांचा हात बाहेरून आत यायचा, प्रत्येक वेळी बरोबर तोच पाना घेऊन. सुईदोऱ्याचे आकडे पाठ असणाऱ्या बाईला पान्याचे आकडे किती अवघड.  मधेच त्यांनी विचारलं, काच फुटली त्या रात्री तू जेवली नव्हतीस ना. भिंतीपलीकडून ताटाचा आवाज आला नाही म्हणून त्यांना कळलं होतं. तेव्हा ताट घेऊन यावं असं त्यांच्या मनात आलं होतं, आणि मी दार उघडणार नाही असंही आलं होतं.

मी गाडीखाली होते, हे बरं होतं.

या वेळी एक्सलचं भोक बोल्टाशी आपणहून जुळलं. गाडी खाली चाकांवर उतरवली, मग सगळे बोल्ट पुन्हा आवळले. त्यांनी टेप लावली. डावी, उजवी. एकच माप. त्यांनी ते दोनदा बघितलं आणि टेप गुंडाळून ठेवली.

रस्ता

सोमवार. काच मागे लाकडी घोड्याला, म्हणजे तिरक्या आधाराला, टेकवून उभी, चारही बाजूंनी गाद्या. जाऊबाई पुढे बसायला तयार नव्हत्या. मागे काचेशेजारी, एक हात तिच्या कडेला.

मागची खिडकी उघडी, तिथून त्यांच्या सूचना.

खड्डा.

हळू.

अजून हळू, लग्नाच्या वरातीत आहेस असं समज.

डावीकडे घे.

स्टिअरिंग मध्यावर होतं. मी बोटं सोडून पाहिलं. मध्यावरच राहिलं.

रेल्वेचं फाटक. रूळ. इथे मी पहिला गिअर टाकला. पुढची चाकं गेली. मागची गेली. कमानी एकदा खाली दबल्या आणि वर आल्या, दोन्ही एकदम, जशी झोपलेल्या माणसाची छाती.

मागून काहीच आवाज आला नाही. मग जाऊबाईंचा आला.

"आहे."

दार

उस्ताद वाचनालयाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. काच उतरवली, चौकटीत बसवली, पट्ट्या ठोकल्या. हे होत असताना ते उठले नाहीत. सगळं झाल्यावर आले आणि अंगठा चारही कडांवरून फिरवला. आतून ऊन आलं होतं, पक्षी पानांतून थोडे बाहेर आल्यासारखे दिसत होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. मोडलेला पाटा, उलटी कमान, मी काय म्हणाले, चूक कोणी पकडली. तुमची काच या बाईंनी आणली, मी नुसती गाडी चालवली, असं म्हटलं. हे आधी मनात तयार केलेलं नव्हतं.

उस्ताद जाऊबाईंकडे वळले आणि म्हणाले, "मग पहिल्यांदा दार तुम्हीच उघडा."

जाऊबाईंनी टोमणा मारायचा हक्क वाया घालवला. मी हे पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी दोन्ही तळवे पदराला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि दाराच्या मुठीला हात लावला. एवढी जड काच बिजागरीवर अलगद फिरली.

"किती हलकं आहे गं," त्या मला म्हणाल्या, आणि मी आत जावं म्हणून दार धरून उभ्या राहिल्या.