दहा हजार नोकऱ्यांचं छप्पर

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. वीस फूट लांब, दहा फूट रुंद. आज मला चार ठिकाणी भोकं पडली आहेत आणि एका कोपऱ्याला चुलीच्या धुराची काजळी धरली आहे. पण एके काळी लोक माझ्याखाली उभं राहून हौसेने फोटो काढून घेत, हे तुम्हाला खरंही वाटणार नाही.

माझा जन्म नगरच्या एका छपाईच्या दुकानात झाला. सत्ताधारी पक्षाच्या आमदारसाहेबांचा कार्यकर्ता हनुमंत मला छापून घ्यायला आला होता. कर्जतला रोजगार मेळावा होता आणि निवडणूक तीन महिन्यांवर आली होती. "किती नोकऱ्या टाकू?" दुकानदाराने विचारलं. हनुमंताने साहेबांना फोन लावला, मान डोलावली आणि म्हणाला, "मागल्या टायमाला पाच हजार हुत्या. औंदा दहा कर." अशा रीतीने पाच हजार नोकऱ्या एका फोनवर वाढल्या.

मेळाव्यात माझा काय थाट होता! बी.कॉम. झालेल्या रोहिणीला माझ्याखालीच साहेबांच्या हातून नगरच्या एका कंपनीतल्या नोकरीचं पत्र मिळालं. तिचे वडील कानिफनाथ आणि आई लंकाबाई दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, आणि गेली दोन वर्षं रोहिणीही त्यांच्याबरोबर जात होती. कानिफनाथाने तिथेच ऊसतोड टोळीच्या मुकादमाला सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "औंदा आमी दोघंच येऊ. पोरीच्या हातात कोयता न्हाई द्यायचा आता." माझ्या अंगावरच्या आकड्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

पुढचं मला रोहिणीच्याच तोंडून कळलं. ती पत्र घेऊन कंपनीच्या फाटकापाशी गेली, तर पहारेकरी म्हणाला, "ताई, जागा दोनच हुत्या, त्या कवाच भरल्या. असली पत्रं घिऊन सत्तर जण यिऊन गेलं." पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत 'प्राथमिक निवड' असं लिहिलेलं तिला तेव्हा दिसलं. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच.

मग आचारसंहिता लागली आणि हनुमंताने मला घाईघाईने उतरवलं. "कोपीवर टाकायला व्हईल," असं म्हणत कानिफनाथाने मला मागून घेतलं. कोपी म्हणजे ऊसतोड माणसांची पाचटाची झोपडी. सोनईजवळच्या ऊसतोडीच्या तळावर लंकाबाईने मला छापील बाजू आत करून अंथरलं, कारण पांढरी बाजू वर असली की ऊन कमी लागतं. त्यामुळे हात जोडलेले साहेब आणि तो दहा हजारांचा आकडा रोज रोहिणीच्या डोक्यावर. भाकरी थापताना ती चुकूनही वर पाहत नसे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मतदानाच्या दिवशी सकाळी गावाकडच्या मतदारांना न्यायला हनुमंत जीप घेऊन तळावर आला. कोपीत वाकून शिरला आणि मोबाईलवरची यादी वाचू लागला. "रोहिणी कानिफनाथ, रोजगार मिळाला. तुमी लाभार्थी हायसा. तुमची तीन मतं तर आमी आधीच धरल्यात."

"कुठं मिळाला म्हनं रोजगार?" रोहिणीने विचारलं.

"हितं 'रुजू' लिवलंय की."

रोहिणीने हातातला कोयता वर करून माझ्याकडे रोखला. हनुमंताने मान वर केली. माझ्यावरचे साहेब हात जोडून त्याच्याकडेच बघत होते. "चला, माझं हापिस दाखवते," असं म्हणून रोहिणी त्याला बाहेर घेऊन गेली. समोर उसाचा फड उभा होता. हनुमंत खाली मान घालून म्हणाला, "माझ्या हातात काय हाय, ताई? यादी वरनं येती."

"गाडीत बसतो आमी," लंकाबाई म्हणाली. "गाडी तुमची हाय. मत आमचं हाय."

साहेब पडले. मुकादमाच्या मोबाईलवर आठवडाभर चर्चा चालली होती. कुणी जातीचं गणित मांडलं, कुणी बंडखोराला दोष दिला. रोहिणीसारख्यांचं नाव कुणीच काढलं नाही. यादीतल्या प्रत्येक खोट्या 'रुजू'मागे एकेक घर होतं, आणि ती सगळी घरं साहेबांनी आपलीच म्हणून धरली होती.

तुम्हाला वाटेल, चला, न्याय झाला. कसला न्याय, मित्रांनो? साहेबांची खुर्ची गेली, पण रोहिणीच्या हातातला कोयता काही गेला नाही.

आता मी रोहिणीच्या गावी शेळ्यांच्या गोठ्यावर पडून आहे. परवा नव्या साहेबांचा रोजगार मेळावा झाला. फ्लेक्स बांधायला हनुमंतच होता म्हणे. रोहिणी पुन्हा गेली. घरी बसून तरी काय करणार होती? दिवेलागणीला ती पत्र घेऊन परतली. लंकाबाईने पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"फ्लेक्स केवढा हाय गं?"

"तीस बाय पंधरा. पंधरा हजार नोकऱ्या."

"बरं झालं. ह्याला लई भोकं पडल्यात."

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी प्लास्टिकचा आहे, कुठल्या तरी गोठ्यावर टिकेन. पण उद्या कुणी असला आकडा छापायला निघाला, तर त्याला छपाईच्या दुकानाच्या दारातच अडवा आणि विचारा, "ह्यात रोहिणी कितवी?"