थोरल्याची जागा

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. पण त्याआधी मी एक दार होते. पाडलेल्या घरातून सुताराने मला उचलले, रंधा मारला, तारा चढवल्या. रंग गेला, सवय मात्र गेली नाही. कोणी येणार असले, की माझ्या लाकडाला आधी कळते.

मला धाकटा भाऊ वाजवी आणि थोरला माऊथ ऑर्गन फुंकी. मन जड झाले, की संथ लयीत म्हणायची ब्लूजची गाणी त्यांची. धाकटा एक ओळ वाजवून थांबे, मग थोरला तिला उत्तर देई. थोरला सगळीकडे उशिरा पोचणारा, तसाच उत्तरालाही. धाकटा गालात हसत वाट पाही. लोक त्या थांबण्यावरच जीव टाकत.

मग थोरला देवाघरी गेला. धाकट्याने मला पेटीत ठेवले आणि पेटी कपाटावर. माझ्या तारा गंजल्या, पाठीचा सांधा उकलला. त्या अंधारात कधीकधी जवळच कोणीतरी श्वास घेई. मला भीती वाटली नाही. तो श्वास माझ्या ओळखीचा होता.

बऱ्याच वर्षांनी थोरल्याच्या मुलीने पेटी खाली काढली. ती आता स्वतःच्या बँडमध्ये गाते.

"काका, तुम्ही आमच्यात वाजवा."

"अगं, माझ्या बोटांची लाकडं झालीत."

"मग काय, लाकडाला लाकूड भेटेल."

सुताराच्या मुलाने माझा सांधा जोडला, नव्या तारा चढवल्या. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत कार्यक्रमाचा सराव सुरू झाला. तिथल्या ड्रमवाल्याला सगळे 'घाई' म्हणत. धाकटा ओळ वाजवून थांबला, की घाई ती जागा धडाधड भरून काढी. "विसरलात ना काका? असू द्या, मी सांभाळतो." पोराचे मन चांगले होते. पण प्रत्येक वेळी धाकट्याचा हात माझ्यावर गार पडत गेला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याने मला पेटीत ठेवले आणि कडी लावली. "माझ्याच्यानं नाही होत. तुम्ही तुमचं वाजवा." या वेळी ती कडी पुन्हा उघडणार नाही, असे मला वाटले.

कोपऱ्यात वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, मुलीच्या झग्याला काज करत बसली होती. तिने सुई थांबवली.

"तो विसरत नाही रे," ती घाईला म्हणाली, "ती ह्यांची जागा आहे."

घाईने काठ्या मांडीवर ठेवल्या. थोड्या वेळाने त्यानेच उठून माझी कडी काढली. "काका, पुन्हा एकदा. मी थांबतो."

दुसऱ्या दिवशी मंचावर धाकट्याने पहिली ओळ वाजवली आणि थांबला. घाईच्या काठ्या हवेतच राहिल्या. माझ्या लाकडाला आधी कळले. मग कोणी न छेडता माझी सगळ्यात बारीक तार हलली, फुंकरीने हलावी तशी. धाकटा गालात हसला आणि पुढची ओळ घेतली.

कार्यक्रम संपल्यावर घाईने हळूच विचारले, "ती तार कोणी छेडली?"

वहिनीने डोळे पुसले. "उशिराच यायचे नेहमी," ती म्हणाली.

मित्रांनो, घरातले जुने वाद्य अधूनमधून उघडून पुसत जा, त्याच्या तारांना हात लावत जा. कोणी कोणासाठी जागा ठेवली असेल, तर ती घाईने भरू नका. मी दार होते, म्हणून सांगते: कडी लावू नका, नुसते लोटून ठेवा.