धुऊन आलेलं ताट

ईदच्या दिवशी अब्बा सांदणांचं ताट घेऊन मोठ्या डॉक्टरसाहेबाच्या बंगल्यावर जायचे. अब्बा आखातात, मेसईदला, तेलकंपनीच्या दवाखान्यात हेडक्लार्क आणि हा गोरा साहेब तिथला सर्वेसर्वा. दुसऱ्या दिवशी साहेबाचा खानसामा फजल, आमच्याच महाडकडचा, ताट धुऊनपुसून परत आणायचा. रिकामं ताट बघून अब्बांचा चेहरा असा खुलायचा की विचारू नका.

"त्यानं आपला मीठ खाल्लान हाय," ते आईला सांगायचे. "तो कवा फिरायचा नाय."

मुंबईच्या बोटीने आलेले नारळ खवून पहाटेपासून तांदळाची सांदणं उकडायची आई, आणि नाव व्हायचं अब्बांचं.

एकसष्ट साली मी बी.एस्सी. होऊन मुंबईहून आले, ती मेडिकलला प्रवेश मिळवूनच. डॉक्टर व्हायचं, याखेरीज मला आयुष्यात काही नको होतं. त्या ईदला अब्बांनी मलाही बंगल्यावर नेलं. साहेब व्हरांड्यात आला, ताट दोन्ही हातांनी घेतलं, छान हसला. मुंबई कशाला, म्हणाला. आधी पब्लिक हेल्थची पदवी घे, मग लंडनला माझ्या मेडिकल कॉलेजात मी शब्द टाकतो.

झालं! परतताना अब्बा जमिनीवर चालतच नव्हते. दवाखान्यात मुंबईचा डॉक्टर होता, पण तो फक्त मजुरांना तपासायचा. गोऱ्यांना हात लावायचा तो साहेबानेच. आपल्या मुलीने मजुरांच्या रांगेपाशीच का थांबावं, असं अब्बांना वाटत होतं. ते मला समजत होतं, तरी मी म्हटलं, "हातातली जागा सोडायची तर साहेबाकडून लिहून तरी घ्या."

अब्बा भडकले. "ज्यानं आपला मीठ खाल्लान, त्याच्याकडना लिवून घेतात काय गो, हजरा? लाज हाय का नाय?"

मग घरात एकच विषय, ही पदवी कुठे घ्यायची, कलकत्ता की बैरूत. कलकत्त्याच्या कोर्सात पटकी, हिवताप, गावोगावच्या विहिरी, म्हणजे निदान आजारी माणूस तरी दिसणार होता. बैरूतला आकडेमोड आणि कारभार जास्त, पण प्रोफेसर इंग्रज-अमेरिकन. मी कलकत्त्यासाठी जीव तोडून भांडले. अब्बांचं एकच, लंडनवाले बैरूतला मान देतील. या वादात मुंबईची फी भरायची मुदत टळून गेली. माझी जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, आणि मी बैरूतला गेले.

दोन वर्षांनी पदवी घेऊन आले, तेव्हा अब्बांनी इस्त्रीचा कोट घातला आणि मला साहेबाच्या ऑफिसात नेलं. लंडनचं नाव काढताच साहेब बुचकळ्यात पडला. मग हसून म्हणाला, "लंडन? तिथे आता मला ओळखतं कोण! आणि तुला डॉक्टर कशाला व्हायचंय? आम्हाला किचनं तपासायला माणूस हवाच आहे. उद्यापासून ये."

अब्बा म्हणाले, "थँक्यू, सर."

मी मुंबईला पुन्हा अर्ज केला, तर वय उलटलं म्हणून नकार आला. मी नोकरी धरली. दुसरं करणार काय, कपाळ?

पहिल्याच दिवशी साहेबाने मला नियम समजावून सांगितले. पिण्याचं पाणी उकळलेलं हवं, भांडी झाकलेली हवीत, आणि इंडियन क्वार्टर्समधलं घरचं अन्न बंगल्यांवर कुणी खायचं नाही. "तुमच्या घरून ईदला येतं तेही मी कधी तोंडाला लावलं नाही," तो अगदी सहज म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस. फजल संपवतो सगळं." बाजूला उभा असलेला फजल पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मेल्याने इतकी वर्षं आमच्या दारात येऊन चहा ढोसला, पण एका शब्दाने बोलला नाही.

पुढची ईद आली. आईने सांदणं उकडली, अब्बांनी ताटावर धुवट रुमाल टाकला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"अब्बा, साहेबाने आपलं मीठ कधी खाल्लंच नाही. सगळं फजल खायचा."

"फजल बोलला तुला?"

"साहेब स्वतः बोलला."

अब्बा खाटेवर बसले. ताट मांडीवरच होतं. मग त्यांनी विचारलं, "मुंबईची ती जागा आता परत नाय मिळायची काय गो?"

"नाही, अब्बा."

आईने ताट घ्यायला हात पुढे केला. अब्बांनी दिलं नाही. उठले, टोपी नीट केली आणि चपला शोधू लागले.

"आता तर न्यायलाच होया," ते म्हणाले. "तुझी नोकरी हाय त्याच्या हाताखाली."