थोरल्या झाडाचा एसी

डॉ. जयसिंगराव काटकरांचं एक व्याख्यान इंदूरभर गाजलेलं होतं. शाळेचा वार्षिकोत्सव असो, क्लबाची बैठक असो, एकदा तर तुकोगंजात दातांच्या दवाखान्याचं उद्‌घाटन होतं, तिथेही त्यांनी तेच दिलं. 'जंगल म्हणजे एक कुटुंब.' मातीखाली बुरशीच्या तंतूंचं जाळं असतं, ते या झाडाची मुळं त्या झाडाच्या मुळांना जोडतं, आणि त्या वाटेने उन्हात उभं असलेलं थोरलं झाड सावलीत अडकलेल्या रोपांना आपली साखर पोचवतं, असं ते सांगत. इथे आले की डोळे मिटत, आवाज खाली आणत. पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागत.

कस्तुरी बोंद्रेला त्या जाळ्याबद्दल शंका नव्हती. जाळं असतं, तिने सूक्ष्मदर्शकाखाली हजारदा पाहिलं होतं. तिची शंका कुटुंबाबद्दल होती.

ती मूळची सांगलीची. इंदूरच्या एका खासगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आली, आणि तिथे जयसिंगराव विभागप्रमुख होते. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडदळावर होते. जयसिंगरावांच्या हाताखाली घोडदळ नव्हतं, पण तीन अध्यापक होते: कस्तुरी, प्रयोगशाळा सांभाळणारी अस्मिता, आणि सगळ्यात धाकटा, इंदूरचाच अनीश. या विभागात साखर उलट्या दिशेने वाहायची. परीक्षेच्या कॉप्या तपासायला कस्तुरी. इंदूरच्या मराठीत उत्तरपत्रिकांना कॉप्याच म्हणतात, हे तिला गठ्ठे हातात पडल्यावरच कळलं. सामानाची नोंद, वेळापत्रक, पाहुण्यांचा चहा अस्मिताकडे. अनीश काम दिसलं की हवेत विरून जायचा. कोणी कुरकुरलं तर जयसिंगराव प्रेमाने म्हणत, "कुटुंबात कोण किती करतंय ते मोजायचं नसतं, कस्तुरीजी. जंगलाकडे बघा जरा."

कस्तुरी बघतच होती. चोरलच्या पुढच्या जंगलात, वन खात्याची परवानगी काढून, तिने मोठ्या सागांच्या मधोमध रुंद पाइप पुरले होते आणि प्रत्येकात सागाचं एक रोप लावलं होतं. पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये पाइपांना खिडक्या पाडून घेतल्या, आणि खिडक्यांवर कापडावर छपाई करणारे वापरतात ती बारीक नायलॉनची जाळी चिकटवली. त्या जाळीतून मुळं जात नाहीत, बुरशीचे तंतू मात्र जातात. निम्मे पाइप ती दर आठवड्याला थोडे फिरवायची, म्हणजे तंतू तुटायचे. बाकीचे तसेच. थोरली झाडं खरंच भरवत असतील, तर न फिरवलेल्या पाइपांतली सावलीतली रोपं गुटगुटीत व्हायला हवी होती.

दोन पावसाळे गेले. सावलीतली रोपं जोडलेली असोत की तुटलेली, सारखीच किडकिडीत राहिली. जाळ्याचा फायदा झाला तो ज्यांना झाडांच्या फटीतून ऊन मिळत होतं त्यांना. ती रोपं बुरशीला साखर देत होती, म्हणून बुरशी त्यांना मातीतला फॉस्फरस ओंजळ भरून देत होती. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याच्या पदरात चिमूटभर.

तिने हे सगळं जयसिंगरावांसमोर ठेवलं; शोधनिबंधाचा पेपर छापायला पाठवायचा तर विभागप्रमुखाची सही लागायची.

"निसर्ग असा कंजूस नसतो," ते म्हणाले. "परत मोजा."

"परतही मोजलंय, सर. आणि विचार करा, उत्क्रांतीत निवड होते ती एकेका झाडाची. एक झाड देतच बसलं आणि शेजारचं नुसतं घेत राहिलं, तर बिया कोणाच्या जास्त पडणार? घेणाऱ्याच्या. चार पिढ्यांत देणारं झाड शोधून सापडायचं नाही."

जयसिंगराव व्याख्यानात डोळे मिटत असले तरी डोकं मिटलेलं नव्हतं. "आणि ज्या जंगलात सगळेच घेणारे, ते दुष्काळात टिकतं का? निवड झाडाझाडांत होते तशी जंगलाजंगलांत पण होते. तुम्ही एकाच मजल्यावर उभ्या आहात आणि म्हणताय इमारत एवढीच." मग खुर्चीत रेलून म्हणाले, "काही असो. पेपरात 'कुटुंब' हा शब्द आला पाहिजे. त्याशिवाय मी सही करणार नाही."

कस्तुरी बाहेर आली ती दात-ओठ खात. शिक्षकांची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. एप्रिलचं इंदूर. पंखा गरम हवा इकडून तिकडे करत होता. अस्मिता पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाली, "त्यांच्या केबिनमध्ये एसी आहे ना, तिथे निसर्ग उदारच वाटणार."

तिथेच कस्तुरीला युक्ती सुचली.

वसुंधरा दिनाला कॉलेजच्या सभागृहात जयसिंगरावांचं व्याख्यान झालं. प्राचार्य होते, संस्थेचे लोक होते. थोरलं झाड, सावलीतली रोपं, मिटलेले डोळे, सगळं यथासांग पार पडलं. प्रश्न विचारायची वेळ आली तसा कस्तुरीने हात वर केला.

"सर, माणसांच्या संस्थेतही असंच असावं का? म्हणजे, आपल्या विभागात वगैरे?"

"असावं काय?" जयसिंगरावांना खेळ कळला नाही. हात पसरून ते म्हणाले, "आहेच! माझ्या विभागात जे माझं ते सगळ्यांचं!"

टाळ्यांत कस्तुरीची टाळी सगळ्यात जोरात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगराव केबिनमध्ये शिरले तर आत तीन टेबलं जास्तीची. एसी सुरू. अस्मिता एका टेबलाशी प्रयोगवह्या तपासत होती, अनीश थेट गार झोताखाली डोळे मिटून बसला होता, आणि कस्तुरी जयसिंगरावांच्या खुर्चीवरची धूळ झटकत होती.

"हे काय आहे?"

"सावलीतली रोपं, सर," अस्मिता अगदी गंभीरपणे म्हणाली. "वर पत्र्याखाली वाढ खुंटली होती."

जयसिंगरावांचा चेहरा तांबडा झाला. ते काही बोलणार, एवढ्यात प्राचार्य दारावरून चालले होते ते थबकले. आत पाहिलं आणि त्यांचं मन भरून आलं. "वाह, काटकरजी! जो कहा, वो किया!" असं म्हणून ते पाठ थोपटून गेले. झालं. आता टेबलं हलवणं म्हणजे व्याख्यान मागे घेणं.

दुपारी डबा उघडला तर त्यात चार हात. संध्याकाळी गाडी काढली तर मागच्या सीटवर दोघी आणि पुढे अनीश. "भिया, मेरेको राजवाड्यालाच सोडा," तो इंदुरी सवयीने म्हणाला आणि जीभ चावली, "म्हणजे, सर."

भुकेलेले जयसिंगराव घरी पोचले. त्यांच्या पत्नी इंदिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या, दार लावून पोट धरून हसल्या, मग कस्तुरीला फोन केला. "बाई गं, लग्न झाल्यापासून हे कुटुंबाचं भाषण ऐकतेय. अजून एकदाही चहा करून दिलेला नाही. चालू दे तुझं. उद्यापासून डबा मी मोठा पाठवते."

आणि डबा आला तो केवढा. कधी भुट्ट्याचा कीस, कधी दाल-बाफले, सोबत कैरीची चटणी. पहिले काही दिवस जयसिंगराव तोंड फुगवून जेवले. पण चौघं एका टेबलाशी बसले की बोलणं होतंच. कॉप्यांचे गठ्ठे आले तेही त्याच खोलीत आले. सगळ्यांच्या हातात लाल पेन आणि आपण रिकामे, हे त्यांना बघवेना. त्यांनी एक गठ्ठा ओढला. 'सहजीवनाचं एक उदाहरण द्या' या प्रश्नाला एका पोराने उत्तर लिहिलं होतं, 'पोहे आणि जलेबी'. जयसिंगरावांनी पूर्ण गुण दिले. कस्तुरीने ते निम्मे केले. त्यांनी परत पूर्ण केले.

"सर, हे वनस्पतिशास्त्र आहे."

"पोहे भाताचे, जलेबीत साखर उसाची. दोन्ही वनस्पतीच. मतलब उत्तर बिल्कुल बरोबर."

कस्तुरी हसली आणि हसताना तिच्या लक्षात आलं, की आपण सूड घ्यायला आलो होतो आणि आता सकाळी लवकर यायला लागलो आहोत. हे काही ठरलेलं नव्हतं. तिने ते मनातल्या मनात दडपून टाकलं.

गडबड निघाली ती अनीशमुळे. डब्यात पहिला हात त्याचा, एसीखालची खुर्ची त्याची, गाडीत पुढची सीट त्याची. गठ्ठा समोर आला की मात्र कधी कणकण, कधी मामेबहिणीचा साखरपुडा, कधी चष्माच सापडत नाही. बरं, पोरगा गोड. रागावताही यायचं नाही.

एका दुपारी तो 'जरा सा येतो' म्हणून गेला तो गेलाच, आणि जयसिंगराव कस्तुरीच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "कस्तुरीजी, हा अनीश नुसताच खातोय."

"कुटुंबात मोजायचं नसतं ना, सर?"

त्यांनी तो टोला गिळला. "ते तुमचे तंतू," ते म्हणाले, "नुसतं घेणाऱ्या रोपाचं काय करतात?"

"तोडून टाकत नाहीत. हात आखडता घेतात. देईल तसं देतात."

"म्हणजे चिमूटभर."

"चिमूटभर."

जयसिंगराव घरी जाऊन इंदिराबाईंशी बोलले. दुसऱ्या दिवशी डब्यात पुरणपोळ्या होत्या, वर तुपाची धार, आणि शेजारी एक वेगळी छोटी डबी, तिच्यावर चिठ्ठी, 'अनीशसाठी'. अनीशने उत्साहाने उघडली. आत कोरडे मुरमुरे. त्याची खुर्चीही कशी कोण जाणे कपाटामागे गेली होती, तिथे एसीचा नुसता आवाज यायचा. संध्याकाळी गाडीशी आला तर पुढच्या सीटवर कॉप्यांचा गठ्ठा, त्याला पट्टाही लावलेला.

"यार सर, मी कुठे बसू?"

"जागा नाही बेटा. हा तपासून झाला असता तर झाली असती."

अनीशने दोन-चार दिवस मुरमुरे खाल्ले. मग एका सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्याने गठ्ठा सोडला. दुपारी डब्यात परत पुरणपोळ्या आल्या होत्या, अस्मिताने त्याच्या ताटलीत अर्धी ठेवली. चार वाजेपर्यंत त्याने आणखी एक गठ्ठा संपवला आणि आशेने डब्याकडे पाहिलं. अस्मिताने उरलेली अर्धी वाढली. त्यानंतर तो असा सुटला की त्याला घरी जा म्हणून सांगावं लागायचं.

वनस्पतिशास्त्राचे निकाल सगळ्या कॉलेजात पहिले लागले. रसायनवाले अजून तपासतच होते. त्यांच्यात एकमेकांना लाल पेनही उसनं मिळत नसे.

"आता बोला," जयसिंगराव विजयी मुद्रेने म्हणाले. "एकट्याएकट्याचं बघितलं तर अनीश सगळ्यात शहाणा होता. फुकट खात होता. पण विभाग विरुद्ध विभाग बघा. रसायन हरलं की नाही?"

"हरलं. पण आपण जिंकलो ते मुरमुऱ्यांमुळे, सर. मुरमुरे नसते तर अनीशचं बघून अस्मिता थांबली असती, मग मी, आणि आपलंही रसायन झालं असतं."

"मुरमुरे कोणी पाठवले? कुटुंबाने!"

"पण मोजून पाठवले."

यावर दोघं हट्टाला पेटले. 'कुटुंब' हा शब्द तिने खोडला, तिने लिहिलेला 'सौदा' त्यांनी खोडला. पेपर पुढे सरकेना. शेवटी कस्तुरी म्हणाली, "सर, तुम्ही शेवटचे जंगलात कधी गेला होतात?"

जयसिंगरावांना व्याख्यानाची आमंत्रणं इतकी असायची, की जंगलाला वेळच उरला नव्हता. हे त्यांनी कबूल केलं नाही, पण रविवारी पहाटेच टोपी घालून तिच्या दारात गाडी घेऊन हजर झाले.

चोरलच्या पुढे उन्हाने पानं झडलेला साग उभा होता, पायांखाली वाळली पानं कुरकुरत होती. कस्तुरीने त्यांना पाइप दाखवले. ते गुडघ्यावर बसले, पाइपाच्या कडेने माती बोटाने उकरली, भिंगातून जाळीवरचे पांढरे तंतू बराच वेळ बघत राहिले. व्याख्यानातला आवाज त्यांना काढता आला नाही. "हे तर भलतंच बारीक आहे हो," एवढंच म्हणाले. मग फिरवायच्यांपैकी एक पाइप स्वतः फिरवून पाहिला. तंतू तुटताना आवाज होत नाही, तरी त्यांनी कान लावला.

"पावसाळाभर सावलीत राहणारी ही पोरं उगीच जगतायत म्हणता?"

"उगीच नाही. वाट बघतायत. एखादा म्हातारा साग पडेल, ऊन येईल, मग ती पण द्यायला लागतील. तोवर बुरशी चिमूटभर का होईना, देत राहते. ते का, मला अजून कळलेलं नाही."

"ते लिहा," जयसिंगराव म्हणाले. "कुटुंब खोडा, तुमचा सौदा पण खोडा. कळलं नाही म्हणून लिहा."

कस्तुरीने वही काढली. इतकं शहाणं वाक्य त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकलं होतं. जयसिंगरावांनाही आपण काहीतरी थोर बोलून गेलो असं वाटलं असावं. घाम पुसत, समाधानाने, ते मागच्या मातीच्या उंचवट्यावर टेकले.

ते काळ्या मुंगळ्यांचं घर होतं.

घोडदळाच्या त्या वंशजाने अशी उडी मारली की टोपी एका सागावर आणि भिंग दुसऱ्याच्या बुंध्याशी गेलं. विजार झटकत ते जंगलभर नाचले. कस्तुरी एका झाडाला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. "सर, मारू नका त्यांना! घरासाठी जीव देतायत! असा गट तुम्हाला शोधूनही सापडणार नाही!"

"गट गेला खड्ड्यात! इकडे काय चढलंय ते बघा!"

"ते मी नाही बघणार, सर."

शेवटी मुंगळे उतरले, किंवा दमले. जयसिंगराव धापा टाकत उभे राहिले, टोपी शोधली, घातली. घरी जाऊ या, असं कस्तुरी म्हणाली. त्यांनी मान हलवली. फिरवायच्या पाइपांपैकी अर्ध्याहून जास्त बाकी होते. बाह्या वर सारून ते पुढच्या ओळीकडे निघाले, आणि त्यातले उरलेले सगळे त्यांनी वाकून वाकून, उभ्यानेच फिरवले.