अळणी

मिस इनेझने ताटली ओर्लीनच्या पुढ्यात सरकवली आणि ती पावलापावलाने मागे जात दारापाशी जाऊन उभी राहिली. वेळ आलीच तर वाट मोकळी असलेली बरी.

"खा पोरी. एकच घास. म्हणजे आम्ही सगळे घरी जायला मोकळे."

ताटलीत नारळाच्या दुधात आटवलेला खारा बांगडा होता, बाजूला उकडलेली हिरवी केळी. वास नाकात शिरताच ओर्लीनने तोंड फिरवलं.

"मला अळणी द्या काहीतरी. नुसती केळी चालतील."

खोलीत जमलेल्या गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मेलेली माणसं मीठ खात नाहीत, हे त्या किनाऱ्यावर शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

"म्हटलं नव्हतं मी?" म्हातारा टायटस शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला. त्याला स्वतःला कमी ऐकू येत असल्यामुळे ती कुजबूज कुंपणापलीकडच्या कोंबड्यांनीही ऐकली. "आता नवव्याचा बकरा परत मागेल ही. कुठून आणायचा? खाल्ला आपण."

होडीसकट समुद्रात हरवलेल्या ओर्लीनचं आणि तिच्या एगबर्टमामाचं नववं, म्हणजे मेलेल्याला निरोप द्यायचा नवव्या दिवसाचा विधी, रीतसर झालं होतं. बकरा कापला होता, रम वाहिली होती, टेबलं मोडेस्तोवर डॉमिनोच्या सोंगट्या आपटल्या होत्या. नवव्या रात्री रिवाजाप्रमाणे दोन्ही घरांतलं सामान इकडचं तिकडे केलं गेलं. मेलेला परत आलाच तर त्याला आपली खोली ओळखू येऊ नये, म्हणून. नंतर इस्पितळातून फोन आला, ओर्लीन जिवंत आहे म्हणून. गावातला एकुलता एक फोन मिस इनेझच्या दुकानात. तिने शांतपणे ऐकून घेतलं, "तिचं नववं झालंय" असं सांगितलं आणि ठेवून दिला.

काल ओर्लीन बसमधून उतरली, घरात शिरली आणि थेट कपाटावर आदळली. मग जिथे पलंग असायचा तिथे बसायला गेली आणि जमिनीवर पडली. भुतासाठी केलेली युक्ती तिला बरोबर लागू पडली, हा तिच्याविरुद्धचा पहिला पुरावा. मीठ हा दुसरा.

तिसरा पुरावा तिचं गप्प बसणं. ही पोरगी बाजारात उभी राहिली की कोळिणी आपणहून भाव उतरवायच्या. क्रिकेटच्या मैदानात पंचाने हिच्या ओरडण्याला कंटाळून बाद दिलेला गडी परत बोलावला होता. इंजिन बंद पडलेल्या होडीतही ती पहिल्यांदा मामाशी भांडलीच. जमीन कुठल्या अंगाला आहे यावर भांडली, उरलेलं पाणी कोणी प्यायचं यावर भांडली. मामा म्हणायचा, "बरं बाई, तू जिंकलीस, पी." एका सकाळी मामाने उत्तर दिलं नाही. त्यानंतरही ती बराच वेळ आपला मुद्दा सांगत राहिली. मग कच्चे मासे, फाटलेले ओठ, आणि तोंडात सतत खारा समुद्र. जहाजाने तिला उचललं तेव्हा तिला काही म्हणायचं उरलं नव्हतं.

तिने आईकडे पाहिलं. आई, मिस व्हर्ना, स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी होती. कालपासून तिने लेकीला हात लावला नव्हता. दोनदा हात पुढे आला होता आणि दोन्ही वेळा तिने त्याच हाताने पडदा नीट केला होता.

ओर्लीनने चमचा उचलला. बांगड्याचा एक मोठा तुकडा त्यात घेतला. आईची पाठ किंचित वळली.

"थांबा! खायला लावू नका तिला!"

मिस इनेझला बाजूला ढकलून डेलरीनमामी आत आली. एगबर्टमामाची बायको. पायात दोन वेगवेगळ्या चपला. ओर्लीन आल्यापासून ती इकडे फिरकली नव्हती. ती सरळ ओर्लीनसमोर येऊन गुडघ्यांवर बसली, इतकी जवळ की दारातल्या दोघीतिघींनी देवाचं नाव घेतलं.

"तू तिकडनंच आलीस ना गं?"

ओर्लीनचा चमचा हातातच होता.

"तो भेटतो का तुला?"

"मामी..."

"त्याचा माझ्यावरचा राग गेला का, ते नाही विचारायचं मला. तो रागावला असेल तर असू दे, बावीस वर्षं रागावतोय." तिने नाक पुसलं. "मी पलंग खिडकीखाली सरकवला गं. सगळे म्हणाले सरकव, सरकवला. आता रात्री वाटतं, तो येत असणार. अंधारात चाचपडत असणार, आणि त्याला कधी काही सापडतं का? नाकावरचा चष्मा सापडायचा नाही मेल्याला. तू एवढंच सांग त्याला. खिडकीखाली आहे. डाव्या हाताला."

चमच्यातून नारळाचं दूध ताटलीत टपकत होतं. स्वयंपाकघराच्या दारातून आई आता पूर्ण वळून बघत होती. तोंड उघडं, श्वास धरलेला.

ओर्लीनने चमचा खाली ठेवला. मग ताटली दोन्ही हातांनी हळूच दूर सारली.

"सांगते मामी," ती म्हणाली. "खिडकीखाली. डाव्या हाताला."

मिस इनेझ पहिली बाहेर पडली. दुसरा टायटस, त्याच्या गुडघ्यांचं दुखणं तेवढ्यापुरतं बरं झालं होतं. घर रिकामं व्हायला वेळ लागला नाही. मामी तेवढी उंबऱ्यापलीकडच्या पायरीवर बसून राहिली, रडत, हसत, मधूनच "डाव्या" असं पुटपुटत.

ओर्लीन होती तिथेच, जमिनीवर. कपाट भलतीकडे होतं, आरसा भिंतीकडे तोंड करून.

आत मिठाची बरणी उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने न वापरताच झाकण लावल्याचा. मग पातेल्यात पाणी पडलं.

"केळी उकडते," आई आतूनच म्हणाली. कालपासूनचं तिचं पहिलं वाक्य. "अळणी. पण तुम्ही लोक जेवता का, ते मला ठाऊक नाही."

पायरीवरची मामी गप्प होऊन ऐकू लागली.

पूर्वी या एका वाक्यावर ओर्लीनने संध्याकाळपर्यंत घर डोक्यावर घेतलं असतं.

"थोडंसं," ती म्हणाली.