रिटेल दुकानातली कात्री

मित्रांनो, चाळीसगावच्या आधारभाऊंच्या कापड दुकानातली जुनी कात्री मी. माझा जन्म मेरठचा. मोटारीच्या भंगारात निघालेल्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद तापवून, ठोकून तिथल्या कारागिराने मला घडवलं. पुढे तीस वर्षं मी आधारभाऊंच्या हातात चालले. पॉपलीन, मांजरपाट, अस्तर. त्यांनी कापडाच्या ठाणातून हवं तेवढं मोजायचं आणि मी कापायचं. "भाऊंची कात्री सूतभरही हलत नाही," असं गावातले शिंपी म्हणत.

मग त्यांच्या मुलाने, सुयशने, तयार कपडे विकायला आणले. दारावर 'रिटेल शोरूम' अशी पाटी लागली. ठाणं माळ्यावर गेली आणि मी खणात. दोन वर्षांत मला गंज चढला.

एका सकाळी द्रौपदाबाई आल्या. "मना नातू सातव्या महिनामा व्हयना," त्या म्हणाल्या. "बठ्ठा झबला त्याले मोठा पडतस. अर्धा मीटर मलमल दे ना, भाऊ." सातव्या महिन्यातच जन्मलेल्या त्या बाळाला सगळी तयार झबली मोठी होत होती.

"अक्का, आता आम्ही कापून देत नाही," सुयश म्हणाला. "रिटेलमध्ये तयार मालच असतो."

त्याची बहीण प्रज्ञा कॉमर्स शिकते. ती तिथेच वाचत बसली होती.

"दादा, जुन्या फ्रेंच भाषेत रिटेल या शब्दाचा अर्थच कापून तुकडा काढणं," ती म्हणाली. "ठोक मालातून गिऱ्हाइकाला लागेल तेवढंच द्यायचं, म्हणून किरकोळ विक्रीला रिटेल म्हणतात. टेलर हा शब्दही त्याच घराण्यातला."

शिडी लावून सुयशने मलमलीचं ठाण उतरवलं. गल्ल्याशेजारी बसलेल्या आधारभाऊंनी मला खणातून बाहेर काढलं. पण पहिल्याच घावाला मी चार बोटं कापड चावलं. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. भाऊ रागावले नाहीत. त्यांनी मला दगडावर घासलं, तेल दिलं आणि पुन्हा कापडाला लावलं. या वेळी मी सरळ गेले.

महिन्याभराने द्रौपदाबाई परत आल्या. "आते तयार झबलं त्याले बराबर येस," त्या म्हणाल्या. सुयशने त्यांच्यापुढे तयार झबल्यांचं खोकं उघडलं. अर्ध्या मीटरने परत आणलेलं गिऱ्हाईक पाहून त्याच दिवशी त्याने पाटीखाली लिहिलं, 'कापड कापूनही मिळेल.'

मित्रांनो, तुमच्या घरातली कात्री कोरडी पुसून ठेवा, अधूनमधून तेलाचा थेंब द्या. तिची खरी गरज पडते त्या दिवशी धार लावायला प्रत्येकाला वेळ मिळतोच असं नाही.